नाद आणि प्रकाश यांचा सहवास

मृग नक्षत्राचे ढग सह्याद्रीवरून आपल्या बेळगुंदीच्या शिवारावर उतरू लागले म्हणजे वीज आधी दिसते आणि गडगडाट मागाहून ऐकू येतो, हे आपणांपैकी प्रत्येकाने अनुभवले आहे. वीज आणि गडगडाट यांचा जन्म एकाच ठिकाणी आणि जवळजवळ एकाच क्षणी होतो. परंतु जन्मताच त्यांची ताटातूट होते. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लक्ष किलोमीटर अंतर तोडतो, तर हवेतून जाणारा नाद तेवढ्याच वेळात ३४० मीटरांच्या आसपास जातो. म्हणजे प्रकाशाची चाल हवेतील नादापेक्षा जवळजवळ ९ लक्ष पट अधिक. वीज दिसल्यानंतर तीन सेकंदांनी आवाज आला, तर ती सुमारे एक किलोमीटर दूर पडली असे आपण म्हणतो, ते या ताटातुटीच्या हिशेबावरूनच.

चालीतच नव्हे, तर स्वभावातही हे दोघे निराळे आहेत. नादाला पुढे जाण्यासाठी हवा, पाणी, लोखंड असे काही तरी माध्यम लागते. प्रकाश मात्र सूर्यापासून पृथ्वीपर्यंतच्या निर्वात पोकळीतून सहज येतो. दिव्याच्या ज्योतीपुढे कितीही मोठ्याने गायिले तरी ज्योतीचा प्रकाश त्या गाण्याने वाकत असल्याचे कोणाच्या दृष्टीस पडत नाही. अशा या दोन परक्या प्रवाशांना एकाच दालनात कोंडून ठेवले, तर त्यांची ओळख होईल काय? आणि झालीच, तर ते एकमेकांवर काही परिणाम करू शकतील काय? गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी या प्रश्नांची उत्तरे मिळविली आहेत. ते दालन मात्र केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी बारीक करावे लागले. त्याची हकीकत या लेखात थोडक्यात सांगावयाची आहे.

कोंडलेला नाद

प्रथम नादाचा विचार करू. मिरजेच्या तंबोऱ्याची तार छेडली म्हणजे कंप तारेवरून धावत टोकाशी जातो. तेथे तार पक्की बांधलेली असल्यामुळे तो मागे फिरतो, दुसऱ्या टोकाशी जातो आणि पुन्हा परततो. जाणारा तरंग व येणारा तरंग एकमेकांत मिसळून तारेवर एक ठरावीक आकृती उभी राहते. तारेच्या लांबीत बरोबर अर्धी तरंगलांबी सामावली की मूळ स्वर उमटतो. तार बोटाने दाबून आखूड केली तर स्वर चढतो. यावरून एक नियम ध्यानात ठेवावयाचा, तो असा की, दालन जितके लहान तितका त्यात राहणारा स्वर उंच. बाकीचे नाद त्या तारेवर फार काळ टिकत नाहीत. दालनाच्या मापात बसेल तोच टिकतो. यालाच अनुनाद म्हणतात.

नाद कोंडण्याची दुसरी एक रीत आपल्या भागातील कितीतरी मुलांनी सहलीत पाहिली असेल. विजापूरचा गोल घुमट हा मुहम्मद आदिलशहाचा मकबरा. या सुलतानाची कारकीर्द १६२७ ते १६५६ अशी होती. त्या घुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर आहे. घुमटाच्या पायथ्याशी आतून फिरणाऱ्या सज्जात भिंतीशी तोंड नेऊन कोणी हळूच कुजबुजले, तर समोरच्या बाजूस भिंतीला कान लावलेल्या माणसास ते शब्द स्पष्ट ऐकू येतात. मध्ये ३८ मीटरांची मोकळी जागा असूनही आवाज विरत नाही, याचे कारण काय? नाद सरळ जाऊन पसरण्याऐवजी वक्र भिंतीला बिलगून, जणू तिच्या कडेने हात धरून पुढे सरकतो. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्येही असाच सज्जा आहे. तेथील नवलाचे स्पष्टीकरण लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने केले होते. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन लंडनला गेले असता त्यांनी त्या सज्जात स्वतः प्रयोग केले; आणि मायदेशी परतल्यावर विजापूरच्या घुमटासह भारतातील अशा वास्तूंचाही अभ्यास करून १९२२ साली त्यावर निबंध लिहिला. पुढे १९३० साली ज्यांना प्रकाशाच्या विकिरणावरील शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले, तेच हे रामन. नाद आणि प्रकाश हे दोन्ही विषय त्यांना सारखेच प्रिय होते, हे मुद्दाम लक्षात ठेवावे.

दालन किती लहान?

आता प्रकाशाकडे वळू. प्रकाशही तरंगरूपच आहे. मात्र त्याची तरंगलांबी अतिशय आखूड. एका मिलिमीटरचे १० लक्ष भाग केले तर त्यातील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. आपल्या केसाची जाडी सुमारे ७० हजार नॅनोमीटर भरते. डोळ्यांना दिसणारा तांबडा प्रकाश घेतला तर त्याची तरंगलांबी ७०० नॅनोमीटरांपेक्षा कमी. त्याच्या किंचित पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा ९०० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश आपण उदाहरणासाठी घेऊ. गॅलियम आर्सेनाइड नावाच्या घन पदार्थात शिरल्यावर प्रकाशाची चाल मंदावून सुमारे साडेतीन पटींनी कमी होते, आणि त्या प्रमाणात तरंगलांबीही आखडून २५७ नॅनोमीटरांवर येते. तेव्हा तंबोऱ्याच्या तारेप्रमाणे अर्धी तरंगलांबी मावेल असे दालन बांधावयाचे तर त्याची रुंदी १३० नॅनोमीटरांहूनही थोडी कमी ठेवावी लागेल.

त्याच दालनात नाद कोंडावयाचा झाल्यास नादाचीही तरंगलांबी २५७ नॅनोमीटर हवी. गॅलियम आर्सेनाइडमध्ये नादाची चाल सेकंदाला सुमारे ४,७३० मीटर आहे. ही चाल तरंगलांबीने भागली म्हणजे कंपनसंख्या मिळते, आणि ती येते सेकंदाला १८ अब्जांहून थोडी अधिक. मनुष्याच्या कानाला २० पासून २० हजारपर्यंत कंपनसंख्येचे नाद ऐकू येतात. म्हणजे हा नाद आपल्या कानाच्या शेवटच्या मर्यादेपेक्षाही सुमारे ९ लक्ष पटींनी उंच आहे. त्याला ‘नाद’ म्हणावयाचे ते केवळ त्याच्या जातीवरून. कारण तोही पदार्थाच्या कणांचा पुढेमागे होणारा कंपच होय.

गॅलियम आर्सेनाइड हा अर्धसंवाहक आहे. विजेचे वहन तो तांब्याइतके मोकळेपणाने करीत नाही आणि काचेइतके अडवूनही धरीत नाही. अशा पदार्थांचे थर एकावर एक चढविण्याची कला १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विकसित झाली. अत्यंत निर्वात केलेल्या पात्रात लहान भट्ट्यांमधून गॅलियम, ॲल्युमिनियम, आर्सेनिक यांच्या वाफांचे झोत सोडतात आणि समोर तापविलेल्या स्फटिकावर अणूंचा एकेक थर बसवीत जातात. गवंडी जशी विटेवर वीट रचतो, तशी ही अणूंची रचना होते. आणि हव्या त्या थरापाशी पदार्थ बदलण्याची सोय असते.

भिंत कशाची?

परंतु नुसती जागा मोजून दालन होत नाही. त्याला भिंती लागतात. प्रकाशाला अडवावयास आरसा पुरतो असे वाटेल. पण धातूचा आरसा प्रत्येक खेपेस थोडा प्रकाश गिळून टाकतो, आणि पुन्हा पुन्हा परतवावयाचे असेल तेव्हा तेवढी हानीही परवडत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी दुसरी युक्ती योजिली. एकच जाड भिंत न बांधता दोन पदार्थांचे अनेक पातळ थर आळीपाळीने रचावयाचे. एक थर गॅलियम आर्सेनाइडचा, त्यावर दुसरा ॲल्युमिनियम आर्सेनाइडचा, पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा, याप्रमाणे.

दोन थरांच्या सीमेवर येणाऱ्या प्रकाशापैकी शेकडा एक भागदेखील मागे फिरत नाही. एवढ्याशा परावर्तनाने काय साधणार? येथे लेझीमचे उदाहरण घेऊ. पन्नास मुले आपापल्या लयीत लेझीम वाजवू लागली तर नुसता कलकलाट होतो. तीच मुले एका ठेक्यावर आली की मैदान दणाणते. निरनिराळ्या सीमांवरून परतणारे तरंग असेच एका ठेक्यात आणावे लागतात. थराची जाडी तरंगलांबीच्या एक चतुर्थांश ठेवली म्हणजे थराच्या तळापर्यंत जाऊन परत येण्यात तरंगाला अर्ध्या तरंगलांबीचे अंतर अधिक पडते. शिवाय थराच्या वरच्या व खालच्या सीमांपैकी एकीवरून परतताना तरंग उलटा होतो. म्हणजे आणखी अर्ध्या तरंगलांबीचा फरक. दोन अर्धे मिळून एक पूर्ण होते आणि परतलेले सर्व तरंग बरोबर पावलाला पाऊल लावून बाहेर येतात. वीस जोड्या रचल्या तर शेकडा ९९ हून अधिक प्रकाश मागे फिरतो. एकटा थर दुबळा. पण ठेका जुळलेल्या चाळीस थरांची भिंत जवळजवळ अभेद्य ठरते.

ही युक्ती नादालाही लागू पडते काय? याचे उत्तर देणाऱ्या संशोधकांचे अग्रणी आपल्याच कर्नाटकातले होते. १९३९ साली बंगलोर येथे जन्मलेले वेंकटेश नारायणमूर्ती यांनी बेल प्रयोगशाळेत आपल्या सहकाऱ्यांसह अशीच थरांची रास घेतली आणि १९७९ साली दाखवून दिले की, सेकंदाला सुमारे दोनशे अब्ज कंप असलेला एक विशिष्ट नाद ती रास अडविते व बाकीच्यांना जाऊ देते. भिंत सापडली, तेव्हा दालनही दूर नव्हते. अशा दोन राशींच्या मध्ये योग्य मापाचा एक थर ठेवून नाद प्रत्यक्ष कोंडल्याचे आर्जेन्टिनातील बारिलोचे व फ्रान्समधील पॅरिस येथील संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केले.

निसर्गाची एक अनपेक्षित देणगी

येथवर प्रकाशाचे दालन वेगळे आणि नादाचे दालन वेगळे असा विचार झाला. दोघांनाही एकाच दालनात ठेवावयाचे तर एक अडचण उभी राहते. प्रकाशासाठी मोजून केलेले थर नादाच्या मापाचे असतीलच असे नाही. एका पदार्थात प्रकाश किती मंदावतो आणि नाद किती वेगाने जातो, या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असावाच, असा नियम नाही.

पण आपण निवडलेल्या दोन पदार्थांचे आकडे पाहा. गॅलियम आर्सेनाइडमध्ये प्रकाशाची चाल नादाच्या सुमारे १८ हजार पट आहे. ॲल्युमिनियम आर्सेनाइडमध्ये प्रकाशही अधिक वेगाने जातो आणि नादही. त्यामुळे तेथेही ते प्रमाण सुमारे १८ हजारच भरते! अर्थात एका पदार्थाचा ६४ नॅनोमीटरचा आणि दुसऱ्याचा ७६ नॅनोमीटरचा थर प्रकाशासाठी कापला, तर तोच थर १८ हजार पटींनी कमी कंपनसंख्येच्या नादालाही नेमका बसतो. एवढ्यावरच निसर्ग थांबलेला नाही. दोन थरांच्या सीमेवर प्रकाशाचा जेवढा अंश परततो, जवळजवळ तेवढाच अंश नादाचाही परततो. एकाच शिंप्याने एकाच मापाने शिवलेला अंगरखा दोन भिन्न माणसांना बेतशीर बसावा, तसाच हा प्रकार झाला.

या योगायोगाचा लाभ घेऊन बारिलोचे व पॅरिस येथील फाइनस्टाइन, लान्सिलोत्ती-किमुरा, जुस्रां व पेरँ या चौघांनी २०१३ साली अवरक्त प्रकाश आणि सेकंदाला सुमारे २० अब्ज कंपांचा नाद एकाच दालनात कोंडल्याचे जाहीर केले. असा नाद उत्पन्न करावयास तबला किंवा घंटा उपयोगी पडत नाही. तेथे लेझर प्रकाशाचा अत्यंत अल्पकाळ टिकणारा ठोका थरांवर देतात. त्याने थर किंचित प्रसरण पावून कंपू लागतात. मग दुसरा, क्षीण ठोका थोडा थोडा उशिरा पाठवून परत येणाऱ्या प्रकाशातील सूक्ष्म फरक टिपतात. प्रकाशानेच वाजवावयाचे आणि प्रकाशानेच ऐकावयाचे, ही रीत ब्राऊन विद्यापीठातील हंफ्रे मॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ च्या सुमारास प्रचारात आणली.

ओळख कशी होते?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. एका दालनात राहूनही दोन पाहुणे एकमेकांशी बोलणारच नसतील, तर सहवासाला अर्थ काय? प्रकाश नादावर कसा परिणाम करतो आणि नाद प्रकाशावर कसा?

प्रकाश ज्या वस्तूवर पडतो तिला किंचित ढकलतो. हे भाकीत मॅक्सवेलने १८७३ साली केले आणि १९०१ च्या सुमारास रशियात लेबेदेव आणि अमेरिकेत निकल्स व हल यांनी ते प्रयोगाने खरे ठरविले. पण हा दाब किती? एक मीटर लांब व एक मीटर रुंद आरसा भर दुपारच्या उन्हात सूर्याकडे तोंड करून धरला, तर त्यावर सगळ्या सूर्यप्रकाशाचा मिळून जो रेटा बसतो, तो एक मिलिग्रॅम वजनाहूनही थोडा कमी भरतो. धूमकेतूच्या धुळीचा पिसारा सूर्यापासून दूर झुकतो तो याच दाबाने. पण पृथ्वीवरील व्यवहारात तो आपल्या ध्यानीमनीही येत नाही.

उलट, नाद प्रकाशावर दोन प्रकारे परिणाम करतो. दालनाची भिंत कंपाने पुढेमागे सरली की दालनाचे माप बदलते आणि त्यात मावणाऱ्या प्रकाशाचा रंगही अगदी सूक्ष्म प्रमाणात बदलतो. शिवाय नादाच्या दाबाने पदार्थ कोठे दाटतो, कोठे विरळ होतो. आणि त्या दाट-विरळ पट्ट्यांतून जाताना प्रकाशाची चालही बदलते. राकसकोपच्या जलाशयावर वाऱ्याने लहरी उठल्या म्हणजे तळाशी ऊन व सावली यांच्या पट्ट्या नाचू लागतात, तसेच काहीसे येथे घडते. द्रवातील अतिउच्च नादामुळे त्यातून जाणारा प्रकाश अनेक शाखांत कसा विभागतो, याची उपपत्ती १९३५-३६ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रामन आणि नागेंद्र नाथ यांनी मांडली. ती आजही जगभर त्या दोघांच्याच नावाने शिकविली जाते. त्याच्याही आधी, १९२२ साली, फ्रान्सच्या ब्रियुआं यांनी नादतरंगांवरून प्रकाश परतताना त्याचा रंग किंचित बदलला पाहिजे असे गणिताने दाखविले होते.

तेव्हा परिणाम आहेत, पण दोन्ही फार क्षीण आहेत. मग कोंडण्याने काय साधते? झोपाळ्याचे उदाहरण घ्या. लहान मुलाने मोठा झोपाळा एकदाच ढकलला तर तो जेमतेम हलतो. तेच मूल प्रत्येक झोक्याला, नेमक्या वेळी, हलकासा धक्का देत राहिले तर थोड्याच वेळात झोका उंच जातो. दालनात कोंडलेला प्रकाश बाहेर निसटण्यापूर्वी त्याच भिंतीला पुन्हा पुन्हा भेटतो आणि प्रत्येक भेटीत आपला अल्पसा रेटा देतो. दालन चिमुकले असल्यामुळे तो सगळा रेटा एका बारीकशा जागेवर एकवटतो. आणि भिंत मुळातच इतकी हलकी असते की तेवढ्याने ती हलू लागते. प्रकाशाचे सामर्थ्य वाढलेले नसते. भेटींची संख्या वाढलेली असते. या साऱ्या विषयाचे मर्म एका वाक्यात सांगावयाचे तर ते हेच होय.

झोपाळ्याला उलट वेळी धक्का दिला तर तो थांबू लागतो, हेही आपण जाणतो. प्रकाशाचा रंग थोडा बदलून वैज्ञानिकांना दोन्ही गोष्टी करता येतात: एका रंगाने नाद वाढविता येतो, तर दुसऱ्या रंगाने तो शांत करता येतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया तंत्रविज्ञान संस्थेत ओस्कर पेंटर यांच्या गटाने सिलिकॉनच्या एका सूक्ष्म पट्टीला ओळीने भोके पाडली आणि प्रकाश व नाद दोन्ही त्या भोकांच्या मधोमध कोंडले. ही रचना त्यांनी २००९ साली प्रसिद्ध केली. नादाची शक्ती सुटी सुटी, कणाकणाने मोजता येते, असे पुंजवाद सांगतो. त्या कणास फोनॉन म्हणतात. सेकंदाला सुमारे ३ अब्ज ७० कोटी कंप असलेल्या त्या पट्टीत नेहमीच्या तापमानाला सरासरी १,७०० च्या आसपास फोनॉन असावयाचे. प्रथम पट्टी फार थंड करून आणि नंतर प्रकाशाच्या उलट धक्क्यांनी शमवून, २०११ साली त्यांनी ती सरासरी ०.८५ वर, म्हणजे एकाहूनही खाली आणली! उष्णता देणारा म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्या प्रकाशानेच येथे कंप निववून दाखविला.

चिमुकला गोल घुमट

विजापूरच्या घुमटाची आठवण करून देणारी रचनाही यात आहे. पॅरिस येथील इव्हान फाव्हेरो यांच्या गटाने २०१० साली गॅलियम आर्सेनाइडच्या गोल चकत्या तयार केल्या. त्यांची त्रिज्या काही हजार नॅनोमीटर आणि जाडी काहीशे नॅनोमीटर. मधोमध एका बारीक खांबावर उभी असलेली ही चकती पावसाळ्यात उगवणाऱ्या अळंबीसारखी दिसते. प्रकाश तिच्या कडेला आतून बिलगून गोल गोल फिरतो, जसा विजापूरच्या सज्जात कुजबुजीचा आवाज फिरतो तसाच. निसटण्यापूर्वी त्याच्या शेकडो, आणि उत्तम चकत्यांत हजारो फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत तो कडेला बाहेर रेटतो, आणि श्वास घेताना छाती फुगावी तशी ती चकती फुगते व आकसते. तिचा हा श्वास सेकंदाला कोट्यवधी वेळा, लहान चकत्यांत अब्जाहूनही अधिक वेळा चालतो. घुमटात भिंत स्थिर असते आणि नाद फिरतो. येथे प्रकाश फिरतो आणि भिंतच नादू लागते. त्या भव्य वास्तूत रामन यांनी तपासलेला तरंगांचा नियम या इवल्याशा चकतीतही तितक्याच निष्ठेने पाळला जातो.

याचा उपयोग काय?

असे प्रश्न वडीलधारी मंडळी नेहमी विचारतात, आणि ते विचारणे रास्तच आहे. पहिला उपयोग नादाच्या मंदगतीतूनच निघतो. घन पदार्थातील नाद प्रकाशापेक्षा आणि रेडिओ तरंगांपेक्षा जवळजवळ लक्षपट सावकाश जातो. त्यामुळे जो रेडिओ तरंग हवेत १५ सेंटीमीटर लांबीचा असतो, त्याच कंपनसंख्येचा नाद सुमारे २ हजार नॅनोमीटरांत मावतो. आपल्या मोबाइलमध्ये हव्या त्या संदेशाचे तरंग निवडून बाकीचे अडविणाऱ्या ज्या बारीक चाळण्या असतात, त्यांतील कितीतरी या नादावरच चालतात. नारायणमूर्तींच्या थरांची रास हीही अशाच निवडीची चाळणी होती.

दुसरा उपयोग दुभाष्याचा. आपल्या सीमाभागात मराठी व कानडी दोन्ही जाणणारा माणूस बाजारात किती उपयोगी पडतो, हे निराळे सांगावयास नको. विजेच्या मंडलातील संदेश सेकंदाला काही अब्ज कंपांचे असतात, तर काचेच्या तंतूंतून दूर जाणारा प्रकाश लक्षावधी अब्ज कंपांच्या घरातला. या दोघांमध्ये नादाने दुभाष्याचे काम करावे, असे प्रयत्न अनेक प्रयोगशाळांत चालू आहेत. विशेषतः पुंज-संगणकांतील नाजूक संदेश दूरवर सुरक्षित नेण्यासाठी असा दुभाषी हवा आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील सुनील भावे आणि स्वित्झर्लंडमधील लोझानचे टोबियास किप्पेनबर्ग यांच्या गटांनी २०२० साली एका लहानशा चकतीला वीज देऊन तिच्यातून अब्जावधी कंपांचा नाद उत्पन्न केला आणि त्याच तुकड्यातून जाणारा प्रकाश त्या नादाने वळवून दाखविला.

तिसरा उपयोग मोजमापाचा. प्रकाश भिंतीची हालचाल इतक्या बारकाईने सांगतो की अणूच्या व्यासाहून कितीतरी लहान हालचालही टिपता येते. याचेच विराट रूप म्हणजे गुरुत्वीय तरंग टिपणारी वेधशाळा. तिच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंत टांगलेल्या ४० किलोग्रॅमच्या आरशांमध्ये प्रकाश ये-जा करतो, आणि तेथेही प्रकाशाचा दाब हिशेबात धरावा लागतो. अशी एक वेधशाळा आपल्या महाराष्ट्रात हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे. चाळीस किलोग्रॅमचा आरसा आणि ६४ नॅनोमीटरचा थर यांना नियम एकच लागू पडतो!

पुढे काय?

हा विषय अद्याप पूर्णत्वास गेलेला नाही. थरांच्या कडा थोड्याही खडबडीत राहिल्या तर नाद व प्रकाश दोन्ही निसटतात. नेहमीच्या तापमानाला अणू आपल्या उष्णतेनेच इतके थरथरत असतात की एकटा फोनॉन त्या गर्दीत हरवून जातो. म्हणून पुष्कळ प्रयोग आजही फार थंड यंत्रांत करावे लागतात. हे दोन अडथळे ओलांडणे, म्हणजे भिंती अधिक गुळगुळीत करणे आणि नाद अधिक काळ टिकविणे, हे पुढच्या पिढीचे काम आहे.

त्या पिढीत आपण का नसावे? बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था बेळगावहून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. तेथे नॅनोमीटर मापाच्या रचना करण्यासाठी स्वतंत्र केंद्र आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांच्या प्रयोगशाळेत ग्राफीन या एका अणूच्या जाडीच्या पडद्याचे कंप अभ्यासले गेले आहेत. या संस्थांत जाण्यासाठी लागणारी पहिली शिदोरी म्हणजे तरंगलांबी, कंपनसंख्या आणि चाल यांचे साधे त्रैराशिक. ते आपल्या शालेय भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे, आणि या लेखातील बहुतेक आकडे त्याच्याच आधारे कोणालाही पडताळून पाहता येतील. तेव्हा वाचकांनी तसे करावे अशी विनंती आहे. नादाची ४,७३० मीटर ही चाल व २५७ नॅनोमीटर ही तरंगलांबी घ्यावी, भागाकार करावा, आणि उत्तर १८ अब्जांच्या पुढे येते की नाही ते पाहावे. येत्या सहलीत विजापूरला जाणे झालेच, तर सज्जात भिंतीला कान लावताना हेही आठवावे की, त्या भिंतीला बिलगून जाणारी कुजबुज ज्या नियमाने आपल्यापर्यंत येते, त्याच नियमाने एका इवल्याशा चकतीत प्रकाश हजारदा फेऱ्या घालतो, आणि प्रत्येक फेरीत तिला थोडे थोडे हलवीत राहतो.